धारेवरचा गोल ट्रेक: परत फिरायचं कुठे?

पायरव (रविवार, रात्री ९:४८)

काल आम्ही चौघांनी धारेवरचा एक गोल ट्रेक केला. म्हणजे दरीच्या तोंडाशी गाडी लावायची, एका सोंडेने (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या फाट्याने) वर चढायचं, मग दरीला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालणारी धार, म्हणजे डोंगराचा लांबट माथा, धरून सगळी शिखरं घेत जायचं आणि पलीकडच्या सोंडेने परत गाडीपाशी उतरायचं. १९ किमी, सगळे चढ मिळून १३५० मीटर, शिखरं सात. जागेचं नाव मुद्दाम देत नाहीये, वरची वाट आधीच झिजून रुंद होत चाललीये आणि माझा प्रश्न जागेबद्दल नाहीचे.

मी, नवरा, धाकटा दीर आणि दिराचा एक मित्र. सहाला निघायचं ठरलेलं, पाऊल पडलं ७:१० ला. मित्राचे बूट कोरे करकरीत, ते दोनदा काढून परत घालण्यातच वेळ गेला. पहिली सोंड उभी. वर पोचलो असं वाटावं आणि मागून अजून एक उंचवटा डोकं काढणार, असं तीनदा झालं, तिसऱ्यांदा नवऱ्याने शिखराला शिवी दिली. दुसऱ्या शिखरानंतर धार एकदम अरुंद होते, दोन्हीकडे उतार सुटलेला, हात लावून चढायचे तीन टप्पे. मित्र तिथे बसून सरकत सरकत आला. नावं ठेवत नाहीये, पहिल्यांदा मीही अशीच सरकलेले. पण जेमतेम पाऊण किलोमीटरला तासभर गेला.

पाचव्या शिखरावर दीड वाजला. ढग खाली उतरलेला, दहा पावलांपुढचं दिसेना. डबे उघडले, अर्धा तास बसलो, उठलो आणि समोर ठसठशीत पायवाट होती तिने चालत सुटलो. वीस-पंचवीस मिनिटांनी दीर थांबला आणि म्हणाला, "वहिनी, जेवायच्या आधी वारा तोंडावर होता. आता आपण डावीकडे वळायला हवं होतं ना, म्हणजे वारा उजव्या गालावर यायला पाहिजे. हा डाव्या गालावर कसा?" कंपास काढला तर जायचं होतं नैऋत्येला आणि आम्ही बिनधास्त वायव्येला उतरत होतो! धार डावीकडे वळलेली आणि आम्ही भलत्याच सोंडेवर, वेढ्याच्या बाहेरच्या बाजूला. १८० मीटर खाली आलेलो. ते परत चढायला, थोडं भांडण धरून, ५० मिनिटं.

पुढच्या खिंडीत पोचलो तेव्हा ३:५०. तिथून एक वाट दरीत उतरते, सरळ गाडीच्या रस्त्याला लागते. आणि नेमका तिथेच ढग फाटला. पाठीमागे ऊन, समोर खाली दरीत ढग, आणि त्या ढगावर आमच्या लांबलचक सावल्या, डोक्याभोवती रंगीत कडं! आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. वेड्यासारखे फोटो काढले आणि त्या भरात "आता काय, दोनच राहिली" म्हणून सहाव्याला निघालो. सातव्यावर सव्वापाच. सूर्य ६:१० ला गेला. चौघांत चालणारे टॉर्च दोन. गाडीपाशी ७:२५. सवाबारा तास.

धडधाकट आलो सगळे, मित्राची दोन नखं काळी पडलीत तेवढंच. पण मला रात्रभर एकच प्रश्न पडलाय. जा-ये ट्रेकमध्ये सोपं असतं, अर्धा वेळ संपला की मागे फिरा. गोल वाटेवर अर्ध्यात पोचलात की मागे जाणंही तेवढंच आणि पुढे जाणंही तेवढंच. मग तुम्ही ठरवता कसं आणि कुठे?

एकटा_कावळा (रविवार, रात्री १०:१५)

ठरवायचं नंतर बघू, चौघांत दोन टॉर्च हे वाचूनच पोटात गोळा आला. माणशी एक हेडटॉर्च, निघताना पेटवून बघायचा. हातातला नको, उतरताना हात मोकळे लागतात. आणि शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, सॅकच्या तळाशी नाही. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर गप्प, परत सहा. कोणी ऐकलं तर उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. ते आल्यावरही थांबायचं नाही, वाजवतच राहायचं, म्हणजे आवाजाच्या दिशेने येता येतं त्यांना.

जुनी_वहाण (रविवार, रात्री ११:०२)

छान लिहिलंयस आणि चुका लपवल्या नाहीस हे जास्त छान. आता जरा हिशेब करू.

१८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला, आजही कामाला येतो. आपल्या मापात मांडायचा तर सपाटीवर ५ किमीला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला वर एक तास. तुझा ट्रेक घे. १९ किमीचे ३ तास ४८ मिनिटं, १३५० मीटरचे सव्वादोन तास, एकूण ६ तास ३ मिनिटं. तुम्हाला लागले त्याच्या दुप्पट. घाबरू नकोस, हा आकडा तगड्या माणसाचा आहे, न थांबता, वाट चांगली, हवा चांगली, डबा नाही आणि फोटो तर नाहीतच. चौघांत एक नवा असेल तर मी ५ च्या जागी ४ धरतो. म्हणजे पावणेपाच अधिक सव्वादोन, सात तास. त्यावर बसण्या-उठण्याचा आणि हात लावून चढण्याचा एक तृतीयांश. झाले सव्वानऊच्या वर. ७:१० ला निघालात म्हणजे वाट न चुकता, काहीही न बिघडता साडेचार. अंधाराला उरला पावणेदोन तास. त्यातला सव्वा तास एका चुकलेल्या सोंडेने खाल्ला आणि बाकीचा कोऱ्या बुटांनी.

आता तुझा प्रश्न. गोल वाटेचा मध्य कुठे ते शोधत बसू नकोस, त्याला काही अर्थ नाही. घरी नकाशा पसर आणि धारेवरून सुखरूप खाली उतरता येईल अशा वाटा पेन्सिलने आख. गोल ट्रेकला अशा पळवाटा दोन-तीनच असतात. प्रत्येकीपुढे वेळ लिही. तुझ्या त्या खिंडीपुढे मी "३:००" लिहिलं असतं. ३:०१ ला पोचलो तर खाली, मग आकाशात इंद्रधनुष्य असो नाहीतर अप्सरा. वेळ घरी लिहायची कारण घरी पाय दुखत नसतात आणि कोणी "आता दोनच राहिली" म्हणत नसतं.

खडूस_मांजर (सोमवार, सकाळी ८:२०)

मुळात नव्या माणसाला १९ किमीच्या धारेवर न्यायचंच कशाला? तोही कोऱ्या बुटात. सगळा उशीर त्याच्यामुळे, आणि धाग्यात मात्र "नावं ठेवत नाहीये".

पायरव (सोमवार, सकाळी ८:५५)

उशीर त्याच्यामुळे नाही हो. सोंड चुकलो ती माझ्यामुळे, पुढे मी होते. अर्धा तास जेवत बसलो ते सगळेच.

काका, "३:०१" वाचून नवरा हसला, मग गप्प बसला. आम्ही पळवाट नकाशात बघितलेली होती हो, फक्त तिच्यापुढे वेळ नव्हती लिहिलेली.

नकाशेवाला (सोमवार, सकाळी १०:३०)

सोंड चुकण्यावर लिहितो, कारण ह्यात तुमची बेफिकिरी कमी आणि डोंगराची रचनाच जास्त आहे. चढताना सगळ्या सोंडा वर येऊन एकाच धारेला मिळतात, त्यामुळे कुठूनही चढलात तरी शिखर चुकत नाही. उतरताना उलटं. एकाच माथ्यावरून पाच सोंडा पाच दिशांना सुटतात आणि पहिल्या पन्नास पावलांत त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यात तुमची धार नेमकी माथ्यावर वळत होती. धार वळते तिथे सोंड बहुतेक वेळा सरळ पुढे जाते, आणि माणसाचं पाऊलही सरळच पडतं. ती पायवाट ठसठशीत होती ना? तुमच्यासारख्याच चुकलेल्या लोकांनीही ती थोडी ठसठशीत केली असणार.

माझी एक सवय सांगतो, फुकटची आहे. माथ्यावर जेवायला बसायच्या आधी, समोरचं दिसतंय तोवर, कंपासवर पुढची दिशा लावायची आणि सॅक त्या दिशेला तोंड करून ठेवायची. जेवण झाल्यावर माणूस कुठल्याही बाजूला तोंड करून उठतो, सॅक मात्र जागची हलत नाही. दुसरं म्हणजे कंपास बघताना फोन हातभर लांब. फोनमध्ये लोहचुंबक असतो आणि सुई खुशाल खोटं बोलते. छातीच्या पट्ट्याला फोन आणि गळ्यात कंपास असे वीर मी बघितलेत.

दिराला शाबासकी द्या माझ्याकडून. पण गोल वाटेवर वाऱ्याचं गणित जपून हं, वारा एकाच दिशेचा असला तरी तुम्ही वळत असता म्हणून तो हळूहळू तुमच्याभोवती फिरतो. पश्चिमेचा वारा धरला तर उत्तरेला चढताना डाव्या गालावर, पश्चिमेला वळलात की नाकावर, दक्षिणेला उतरू लागलात की उजव्या गालावर. "सकाळपासून उजवीकडे होता" इतकंच धरून चाललेला माणूस चुकतो. तुमचा दीर नकाशा डोक्यात ठेवून चालत होता.

धुकट (सोमवार, सकाळी ११:१०)

एवढं पुराण कशाला, फोनवर ट्रॅक (वाटेची जीपीएस रेघ) डाऊनलोड केलेला असता तर पन्नास मीटरवर कळलं असतं. २५ मिनिटं लागलीच नसती.

पायरव (सोमवार, सकाळी ११:२५)

केलेला होता. फोन खिशात होता आणि ढगात हाताला गार लागत होतं म्हणून काढला नाही, वाट दिसतच होती ना. काढला तेव्हा ११ टक्के. सकाळी पूर्ण चार्ज होता!

धुकट (सोमवार, सकाळी ११:४०)

एअरप्लेन मोडवर नव्हता बहुतेक. धारेवर नेटवर्क येतं-जातं, फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि त्यातच बॅटरी जाते. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, एअरप्लेन मोडवरही चालतं. वर थंडीत बॅटरी अजून लवकर मान टाकते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायचा.

जुनी_वहाण (सोमवार, दुपारी १:१५)

धुकट, तू म्हणतोस ते खरंच आहे रे. पण बघ ना, ट्रॅक फोनमध्ये होता, कंपास सॅकमध्ये होता, आणि चूक कळली ती गालाला! वस्तू जवळ असणं वेगळं आणि ती माथ्यावरून पाऊल उचलायच्या आधी बघणं वेगळं.

टाचदुखी (सोमवार, दुपारी ३:०५)

उतरायला एवढा वेळ का लागला ते मी सांगतो, माझं खातंच ते आहे (नावावरून कळलं असेलच). सगळे चढाला घाबरतात. चढात धाप लागते आणि धाप बसल्यावर जाते. उतारात मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून ब्रेक मारत असतो, दर पावलाला. त्याने स्नायूत बारीक इजा होते, म्हणून खरी दुखी लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मित्राला आज जिने उतरता येतायत का विचारा, आणि उत्तर "उलटा उतरतोय" असं आलं तर काळजी करू नका, नॉर्मल आहे.

नखं काळी पडली कारण उतारात पाय पुढे सरकून बोटं बुटाला ठोकतात. उतरायच्या आधी घोट्यापाशी लेस घट्ट आवळायची, नखं आदल्या दिवशी कापायची. पावलं छोटी, गुडघा कधीच पूर्ण ताठ नाही. काठ्या असतील तर उतरताना चार बोटं लांब करायच्या.

नेस्मिथच्या हिशेबात उताराचा वेळ धरलेलाच नाही. नंतर लँगमुइर नावाच्या गिर्यारोहकाने दुरुस्ती सुचवली, ५ ते १२ अंशांचा हलका उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा आणि १२ अंशांच्या वर असेल तर १० मिनिटं जास्त धरा. धारेवरून उतरणाऱ्या सोंडा बहुधा दुसऱ्या जातीच्या. घसारा (सुटी दगड-माती) असेल तर मी मिनिटं न मोजता देवाचं नाव घेतो.

पाण्याचंही बोलतो. दिवसभर फक्त साधं पाणी ढोसत राहायचं नाही, घामातून मीठ जातं. पाणी अति आणि मीठ कमी झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भंजाळतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं आणि अजून पाजतात. तहान लागेल तसं प्या, जोडीला खारट काहीतरी खात राहा.

डोंगरमुंगी (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

मला वेगळंच विचारायचंय, गोल ट्रेक कुठल्या बाजूने करायचा हे कसं ठरवता? पायरव, तुम्ही अरुंद धार आधी घेतली ते ठरवून की योगायोगाने?

पायरव (सोमवार, संध्याकाळी ७:२०)

ठरवून. तेवढं एक काम शहाण्यासारखं केलं.

एकटा_कावळा (सोमवार, रात्री ८:००)

बरोबरच आहे. अवघड कातळ नेहमी चढताना आणि पाय ताजे असताना. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय आंधळेपणाने चाचपडतो. वेल्समधला स्नोडन हॉर्सशू त्यासाठी बघण्यासारखा आहे, नालेच्या आकाराची धार. लोक बहुतेक ९२३ मीटरच्या क्रिब गॉखकडून सुरुवात करतात, ती दोन्हीकडे तुटलेली सुरीसारखी धार आहे, ती सकाळीच संपते. मग १०६५ मीटरचं गार्नेड उगैन, मग १०८५ मीटरचं मुख्य शिखर, शेवटी ८९८ मीटरचं लिवेड आणि खाली तळ्याकाठी. उलट्या बाजूने गेलात तर दमलेल्या पायांनी सुरीवरून उतरावं लागतं. मी एकदा गेलो होतो, क्रिब गॉखच्या पायथ्याशी वारा बघून परत फिरलो आणि साध्या वाटेने वर गेलो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर धक्का चौपट. खाली "जरा जास्त वारा आहे" वाटतं तेवढाच वारा वर खिंडीत कोंडून आला की माणूस हलतो.

खडूस_मांजर (सोमवार, रात्री ८:३०)

म्हणजे परत फिरता येतं तर! मग ह्यांनी का नाही फिरले?

नकाशेवाला (सोमवार, रात्री ९:१०)

त्या रंगीत कड्यामुळे मांजरताई, त्यांनी लिहिलंय की. ढगावरच्या त्या सावलीला ब्रोकेनचं भूत म्हणतात, जर्मनीतल्या ११४१ मीटरच्या ब्रोकेन शिखरावरून नाव पडलं, १७८० साली योहान झिल्बरश्लाग यांनी त्याचं वर्णन केलं. सूर्य पाठीमागे खाली आलेला आणि ढग समोर तुमच्यापेक्षा खाली असेल तर दिसतं. सावली राक्षसी मोठी वाटते तो नुसता भास, ढगावर अंतराचा अंदाज येत नाही. आणि मजा म्हणजे ते रंगीत कडं ज्याचं त्याला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याची सावली दिसते, पण ती बिनकड्याची. पायरव, तुम्ही "डोक्याभोवती" लिहिलंत ते कोणाच्या?

पायरव (सोमवार, रात्री ९:३०)

अय्या हो! नवरा म्हणत होता माझ्याच डोक्याभोवती आहे, मी म्हणत होते माझ्या, आणि दोघांनाही वाटलं समोरचा चेष्टा करतोय. फोटोत पण कडं ज्याच्या हातात फोन त्याच्याच सावलीला आहे, आत्ता बघितलं.

आणि हो, सूर्य एवढा खाली आलेला असल्याशिवाय ते दिसतच नाही म्हणजे... घड्याळच होतं ते.

जुनी_वहाण (सोमवार, रात्री ९:५५)

हा हा, मी अप्सरा लिहिलं तेच बरोबर होतं.

अजून एक राहिलं. चौघं कुठल्या क्रमाने चालत होतात? माझा अंदाज, तू पुढे, मग नवरा, मग दीर, मित्र शेवटी. तुम्ही तिघं पुढे जाऊन थांबायचात, तो हाफत पोचला की "चला" म्हणून उठायचात. म्हणजे विश्रांती कोणाला मिळाली? ज्याला नको होती त्यांना. नवा माणूस नेहमी दुसरा. पहिल्याने त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत चालायचं.

पायरव (सोमवार, रात्री १०:०५)

अंदाज नाही काका, तुम्ही तिथे झुडपात लपून बसला होतात बहुतेक.

कोराबूट (मंगळवार, सकाळी ७:४०)

नमस्कार, आत्ताच आयडी काढला. मीच तो मित्र. दादाने (म्हणजे पायरव यांच्या दिराने) लिंक पाठवली. होय, जिने उलटाच उतरतोय.

एक सांगायचं होतं. त्या खिंडीत मला खाली जायचं होतं. गुडघा पाचव्या शिखराच्या आधीपासून बोलत होता, ती १८० मीटरची जास्तीची चढ-उतर झाल्यावर तर ओरडायलाच लागला. खाली जाणारी वाट दिसत होती, गाडीचा रस्तासुद्धा दिसत होता. पण तुम्ही तिघं सावल्यांचे फोटो काढत होतात आणि एवढे खूश होतात की म्हटलं आपण कशाला मोडता घाला. मला कडं दिसलंच नाही, मी खाली बसलो होतो.

पायरव (मंगळवार, सकाळी ७:५८)

अरे मग बोलायचं ना!!

कोराबूट (मंगळवार, सकाळी ८:०१)

वहिनी, विचारलं कोणी?

पायरव (मंगळवार, सकाळी ८:२०)

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं. "दोनच राहिली ना" असं म्हटलं आणि तू मान हलवलीस, ती मी हो धरली.

काका, पेन्सिलीने वेळ लिहायची त्याच्याशेजारी आता हेही लिहिते, पळवाटेपाशी सगळ्यात मागच्याला आधी विचारायचं, तेही पाणी पिऊन झाल्यावर. बाकीच्यांनी तोवर गप्प.

कोराबूट (मंगळवार, सकाळी ८:३१)

पुढच्या वेळी मी दुसऱ्या नंबरला. आणि टॉर्च माझा स्वतःचा आणतो, दादाच्या टॉर्चच्या उजेडात मला पूर्ण वेळ फक्त दादाच्या टाचा दिसल्या.

टाचदुखी (मंगळवार, सकाळी ८:४५)

नखं गळून पडतील महिनाभरात, ओढू नकोस. आणि बूट अर्धा नंबर मोठे घे रे बाबा.